सगुणाच्या अकरा नोंदी

सोमवारी सकाळी चहाचा कप हातात घेऊन क्षमाने नोंदींचा तक्ता उघडला आणि तिला एकच नाव एकाखाली एक अकरा वेळा दिसलं. सगुणा काशीराम टपके. आधी ती मोठ्याने हसली. अकरा! आत्तापर्यंत दोनदोन, तीनतीन नोंदी बऱ्याच आल्या होत्या. देशपांड्यांचा बाळ्या तर चार वेळा आला होता. पण आपल्या वयाची माणसं बटण दोनदा दाबतातच, लिफ्टचंसुद्धा, असं म्हणून तिने त्या नोंदी मुकाट्याने पुसून टाकल्या होत्या. ‘‘अरे, एक बाई अकरा वेळा येतेय,’’ ती स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडली. तिचा नवरा विद्याधर पोळ्यांची कणीक मळत होता. निवृत्त झाल्यापासून कणीक त्याच्याकडे होती. ‘‘मग अकरा ताटं मांड,’’ तो म्हणाला. ती पुन्हा हसली, कप खाली ठेवला, त्या अकरा ओळी निवडल्या, आणि पुसायचं बटण दाबण्याआधी सहज शेवटच्या रकान्यावर नजर टाकली. ‘काही सांगायचं असल्यास’ असा तो रकाना होता. अकराव्या ओळीत तिथे दोनच शब्द होते. ‘राहू दे.’

दहावीला चाळीस वर्षं झाली म्हणून अंधेरीच्या शाळेतल्या त्यांच्या वर्गाने स्नेहमेळावा ठरवला होता, आणि त्याच्या नावनोंदणीचं पान क्षमाने केलं होतं. स्वतः, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. कोणी विचारलं तर ती हे सांगायची आणि कोणी विचारलं नाही तरी सांगायची. एका विमा कंपनीच्या संगणक विभागात तिने तेरा वर्षं काढली होती. तिथली यंत्रं कपाटाएवढी होती आणि त्यांच्या खोलीत जायचं तर चपला बाहेर काढायला लागायच्या. मुलीच्या, गंधालीच्या जन्मानंतर ती नोकरी सुटली. मग बावीस वर्षं तिने कुठल्याही यंत्राला ‘असं असेल तर तसं कर’ असं सांगितलं नाही, माणसांनाच सांगितलं, आणि माणसं काही तसं करत नसत. गेल्या वर्षी घराजवळ, पार्ल्यातच एका क्लासमध्ये ती विशीतल्या पोरांच्या मागच्या खुर्चीवर जाऊन बसली आणि पीएचपी ही वेबपानांची भाषा शिकली. पहिल्यांदा तिच्या पानावर तिचं स्वतःचं नाव उमटलं तेव्हा तिला इतका आनंद झाला की शेजारच्या पोराला तिने पर्समधली आवळ्याची सुपारी दिली होती.

आता ती त्या अकरा ओळी वरून खाली वाचू लागली. प्रत्येकीपुढे वेळ होती. काल दुपारी दोन बेचाळीस ते तीन एकतीस. पहिल्या ओळीत सगळं व्यवस्थित होतं. लग्नानंतरचं नाव सगुणा दत्ताराम भानजी, पत्ता वेसावे, फोन, जेवण मांसाहारी. फक्त ‘दहावी उत्तीर्ण झाल्याचे वर्ष’ या रकान्यात लिहिलं होतं ‘सातवी’. दुसरी ओळ तशीच. तिसऱ्या ओळीत त्या जागी १९८२ आलं. चौथीत ‘१९८२ सातवी पास. पुढे शिकले नाही’. पाचवीत एकदम १९८५, सगळ्या वर्गाचं वर्ष, आणि शेवटच्या रकान्यात कबुली : ‘वर्ष सगळ्यांचं लिहिलं. मी तेव्हा नव्हते.’ सहाव्या ओळीत मांसाहारीचं शाकाहारी झालं. वेसाव्याची कोळीण शाकाहारी! क्षमाला हसू आलं आणि ते गालापर्यंत येऊन तिथेच थांबलं. सातव्या ओळीत जेवणाचा रकानाच रिकामा, ‘जेवण नको. भेटून जाईन.’ आठवीत नाव इंग्रजीत. नववीत लग्नानंतरचं नाव काढून टाकलेलं. दहाव्या ओळीत लिहिलं होतं, ‘क्षमा गोरे असेल तर तिला माहीत आहे मी कोण.’ आणि मग अकरावी, त्यात नाव सोडून काही नाही, आणि ते दोन शब्द. पन्नास मिनिटं ती बाई कुठेतरी फोन हातात धरून आपल्यातलं एकेक काहीतरी कमी करत गेली होती, या दारातून कसं आत शिरता येईल ते बघत. क्षमा गोरे हे तिचं माहेरचं नाव तर गेल्या तीस वर्षांत कोणी लिहिलं नव्हतं. चहावर साय धरली होती.

तिने स्वतःचा फोन घेतला आणि आपलंच पान उघडलं. आजवर ते तिने फक्त लॅपटॉपवर, घरच्या घरी चालवून पाहिलं होतं. नाव, वर्ष, बटण. तिथे लगेच आभाराचं पान यायचं, पिवळ्या चौकटीतलं, तिला फार आवडणारं. आता फोनवर तिने नाव लिहिलं, वर्ष लिहिलं, बटण दाबलं. पान क्षणभर पांढरं झालं आणि पुन्हा फॉर्म आला. तोच, कोरा, नाव नाही, वर्ष नाही. आभार नाहीत, चूकही दाखवलेली नाही. तिने पुन्हा लिहिलं, पुन्हा दाबलं, पुन्हा कोरा फॉर्म. आणि तिसऱ्यांदा लिहून बटण दाबताना तिच्या लक्षात आलं की तिने आपोआप नाव जरा वेगळं लिहिलं होतं, मधलं नाव घालून. बँकेच्या खिडकीवर कागद परत आला की माणूस जसा आधी स्वतःचीच सही तपासतो, तसं. लॅपटॉपवरच्या तक्त्यात तिच्या तिन्ही नोंदी नीट येऊन बसल्या होत्या. म्हणजे घेत सगळ्यांना होतं, पण घेतलं हे कोणालाच सांगत नव्हतं.

‘‘पोळी गरम आहे,’’ विद्याधर म्हणाला. ‘‘थांब रे, माझं पान पुढे जात नाहीये.’’ ‘‘कुठे जायला पाहिजे?’’ ‘‘आभाराला.’’ त्याने ताट झाकून ठेवलं. क्षमा पुढचा दीड तास खुर्चीतून उठली नाही. आधी तिने आभाराच्या पानाचं नाव तपासलं, नाव बरोबर होतं. पत्ता बरोबर. मग तिला वाटलं फोनचाच दोष असेल, म्हणून विद्याधरच्या फोनवरून केलं, तिथेही तेच. या शोधाशोधीत एक मजा असते ती तिला आठवली. विमा कंपनीत एकदा एका पूर्णविरामासाठी ती आणि नमिता शेणॉय दोन दिवस कागदाच्या भेंडोळ्यांवर पालथ्या पडल्या होत्या आणि सापडल्यावर दोघींनी खाली जाऊन मसाला डोसा खाल्ला होता. पण आज त्या मजेच्या खाली दुसरंच काहीतरी चुळबुळत होतं. तिसरा बाक, खिडकीकडची बाजू. सगुणाच्या दप्तराला मासळीच्या फळीवरून उतरवल्यासारखा खारा वास यायचा आणि तिचा हात मात्र वहीवर इतका झरझर चालायचा की क्षमा त्या हाताकडेच बघत राहायची. दशांश अपूर्णांक. सगुणाला ते तोंडी यायचे, कारण आईबरोबर ती पहाटे बंदरावर मासळीच्या लिलावाला उभी राहायची. क्षमा मान तिरकी करून उत्तरं उतरवून घ्यायची. सातवीच्या पावसाळ्यात क्षमाच्या आईने वर्गबाईंना चिठ्ठी लिहिली, की क्षमाला वासाने डोकं दुखतं, तिची जागा बदलावी. ती चिठ्ठी कंपासपेटीत घालून, नीट घडी न मोडता, क्षमाच घेऊन गेली होती. तिचं डोकं दुखत नव्हतं. तिने घरी एवढंच सांगितलं होतं की सगुणाच्या दप्तराला मासळीचा वास येतो, जसं आपण सांगतो की आज वर्गात चिमणी आली होती. पण चिठ्ठी नको असंही ती म्हणाली नाही. ती पहिल्या बाकावर गेली आणि वार्षिक परीक्षेनंतर सगुणा शाळेत आलीच नाही. तिची आई आजारी पडली, टोपली सगुणाच्या डोक्यावर आली, असं नंतर कळलं. तरी बारातेरा वर्षांच्या मुलीच्या डोक्यात दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की चिकटतात. बरीच वर्षं क्षमाला वाटत होतं की सगुणाची शाळा तिच्या कंपासपेटीमुळे सुटली.

अखेर तिला सर्व्हरवरची चुकांची नोंदवही आठवली. क्लासमधल्या मास्तराने शंभरदा सांगितलं होतं, पान बोलत नसेल तर तिथे जाऊन बघा. तिने ती उघडली आणि तिथे एकच वाक्य शेकडो वेळा लिहिलेलं होतं, शिक्षा झालेल्या मुलासारखं. हेडर पाठवता येत नाही, मजकूर आधीच सुरू झाला आहे, सेटिंगची फाइल, ओळ एक. तिने सेटिंगची फाइल उघडली. ओळ एकवर काहीच नव्हतं. ती चष्मा पुसून पुन्हा बघायला लागली आणि मग तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. काहीच नव्हतं हीच तर चूक! ओळ एक कोरी होती, कोड दुसऱ्या ओळीवरून सुरू होत होता. फाइल सर्व्हरवर चढवल्यावर तिने तिथेच पासवर्ड बदलला होता, तेव्हा बोट चुकून एंटरवर पडलं असणार. पानाला दुसरीकडे वळवायचं तर ‘तिकडे जा’ हा निरोप सगळ्यात आधी जायला लागतो, पाकिटावरच्या पत्त्यासारखा. इथे ती कोरी ओळच आधी निघून गेली होती. सर्व्हरच्या लेखी ती कोरी ओळ म्हणजे पत्राचा मजकूर. एकदा मजकूर सुरू झाला की पत्ता लिहिता येत नाही. घरच्या लॅपटॉपवरच्या फाइलमध्ये ती कोरी ओळ नव्हतीच, म्हणून तिथे सगळं सुरळीत चालत होतं. आणि दुसरी चूक तर सरळ तिचीच. ‘तिकडे जा’ असं सांगितल्यावर प्रोग्रामने तिथे थांबायला हवं. तो थांबा तिने लिहिलाच नव्हता. म्हणून तो पुढे चालत राहिला आणि पुन्हा कोरा फॉर्म पुढे करत राहिला. तिने एक ओळ पुसली आणि एक शब्द घातला. फोनवर नाव लिहिलं, बटण दाबलं. पिवळी चौकट! ‘‘आलं!’’ ती ओरडली आणि टाळ्या वाजवल्या. विद्याधर बाहेर येऊन म्हणाला, ‘‘आता तरी जेव.’’

जेवताना तिने सगुणाचा नंबर लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. मग तिने नीलाला फोन केला. नीला मेळाव्याची प्रमुख, शाळेत मॉनिटर होती आणि अजूनही होती. ‘‘नीला, तो दहावीच्या वर्षाचा रकाना मी काढतेय.’’ ‘‘अगं, काढू नकोस ना. मुद्दाम घातलाय. नाहीतर कोणीही येईल.’’ ‘‘कोणीही म्हणजे कोण गं?’’ ‘‘म्हणजे बाहेरचे.’’ ‘‘सगुणा टपके बाहेरची का?’’ ‘‘कोण सगुणा? ती वेसाव्याची? जिने सहावीत खोखोत आपल्याला जिंकून दिलं?’’ नीलाचा आवाज एकदम सहावीत गेला. ‘‘ती आहे? यार, आण की तिला!’’ ‘‘मग रकाना?’’ ‘‘काढ बाई, काढ.’’ क्षमाने तो रकाना काढला आणि त्या जागी लिहिलं, ‘शाळेत कधी होतात?’ मग लॅपटॉप पिशवीत घातला. ती फोन उचलत नाही म्हणून जातेय असं तिने विद्याधरला सांगितलं. पण रिक्षात बसल्यावर, सात बंगल्यांच्या सिग्नलला, तिला स्वतःशी मान्य करावं लागलं की फोन उचलला असता तरी फोनवर हे बोलता आलं नसतं. काय बोलायचं तेही माहीत नव्हतं. ‘माझ्या फाइलमध्ये एक कोरी ओळ होती’ हे वाक्य तिने तीन प्रकारे मनात म्हणून पाहिलं आणि प्रत्येक वेळी ते जास्त मूर्खपणाचं वाटलं.

वेसाव्यात भानजींचं घर विचारल्यावर तीन भानजी निघाले, दत्ताराम म्हटल्यावर एक उरलं. बोंबील वाळत घातलेल्या बांबूंच्या वलांड्या, त्यांच्यापलीकडे होड्या, ऊन, आणि तो वास, अंगावर येणारा, भरपूर. ओट्यावर एक बाई सुकी मासळी निवडत बसली होती. केस पांढरे, हात मात्र झरझर चालत होते. क्षमाने हातच ओळखले. ‘‘सगुणा.’’ तिने वर पाहिलं, डोळ्यांवर आडवा हात धरून. ‘‘कोन?’’ ‘‘मी क्षमा. क्षमा गोरे.’’ सगुणाने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग म्हणाली, ‘‘जाडी झालीस गो.’’ आणि ओट्यावरची सूपं सरकवून तिने जागा केली.

‘‘फोन केला होता तुला.’’ ‘‘फोन घरात हाय. बाजारातून आले, हात मासलीचे, कोन उचलनार?’’ ‘‘तू फॉर्म भरलास ना काल.’’ सगुणाचे हात थांबले. ‘‘सोड तो. नाय घेत तो मना.’’ ‘‘घेतलंय. अकराही वेळा घेतलंय.’’ क्षमाने लॅपटॉप उघडला, मांडीवर ठेवून तिच्याकडे वळवला. सगुणाने आपल्या ओळी पाहिल्या, एकेक वाचल्या, आणि शाकाहारीपाशी आल्यावर तिने पदर तोंडाला लावला. ‘‘अगो बाय, हे कोनी कोनी वाचलं?’’ ‘‘मी एकटीने.’’ ‘‘मना वाटलं, मशिनीला कलतं कोन दहावी पास ते. परत परत कोरा कागद देत व्हती. म्हटलं, नको आसंल आपन.’’ ‘‘चूक माझी होती, सगुणा. पान मी केलंय. सगळ्यांनाच कोरा कागद येत होता, बाळ्या देशपांडेलासुद्धा.’’ ‘‘त्याला पन? तो तर वकील झाला!’’ ‘‘त्याला चार वेळा.’’ सगुणाला हे फार आवडलं. तिने मांडीवर थाप मारली आणि आत कोणालातरी ओरडून सांगितलं की वकिलालापन नाय घेतला, चहा टाका.

चहा आला, आलं घातलेला. क्षमाने दोन घोट घेतले आणि कप खाली ठेवला. आता बोललं नाही तर परत जाताना सगळा रस्ता आपल्याला हेच चावत राहील हे तिला दिसत होतं. ‘‘सातवीत माझी जागा बदलली होती,’’ ती म्हणाली. ‘‘माझ्या आईने चिठ्ठी दिली होती. वासाबद्दल. ती मी स्वतः बाईंना नेऊन दिली.’’ सगुणा सुपातल्या सुकटीतला कचरा वेचत होती. ‘‘मना म्हाईत हाय,’’ ती म्हणाली. ‘‘पन त्याच्या आदी मीच बाईंना सांगितलेलं, हिला हलवा. माझी गनितं बगते.’’ ‘‘खोटं!’’ ‘‘खोटं कशाला? बगायची नव्हतीस?’’ क्षमाला आठवलं, जागा बदलल्यावरच्या चाचणीत तिला पंचवीसपैकी नऊ मिळाले होते आणि घरी सगळ्यांनी ते डोकेदुखीवर ढकललं होतं. तिने सगुणाच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. ती खरं सांगत होती की पाहुणीला सोडवत होती, ते कळत नव्हतं. विचारलं असतं तरी तिने सांगितलं नसतं. ‘‘आनि वास तर येनारच,’’ सगुणा म्हणाली, ‘‘मासलीला काय मोगऱ्याचा येनार?’’ मग हातातलं सूप एकदा पाखडून, ‘‘वाईट वाटलं व्हतं. दोन दिवस.’’ ‘‘दोनच?’’ ‘‘तिसऱ्या दिवशी गनपतीची सुट्टी लागली ना.’’ क्षमा हसायला लागली, आणि हसता हसता तिचे डोळे भरले, आणि सगुणाने ते न पाहिल्यासारखं केलं, किंवा तिला खरंच सुकटीतला एक बारीक खेकडा सापडला होता.

‘‘आता भर,’’ क्षमा म्हणाली. ‘‘बाराव्यांदा? हात जोडते.’’ ‘‘भर गं. माझ्यासमोर भर. मला बघायचंय.’’ सगुणाने पदराला हात पुसले, आतून फोन आणला, लांब धरून डोळे बारीक केले. नाव लिहिलं. शाळेत कधी होतात, यावर ती थबकली, पण आता रकाना तिला काही पास-नापास विचारत नव्हता. तिने लिहिलं, ‘पहिली ते सातवी, खोखो.’ जेवण मांसाहारी. मग बटणावर बोट ठेवून तिने क्षमाकडे पाहिलं, आणि दाबलं. पान पांढरं झालं. दोघींनी श्वास धरला. वेसाव्यात नेट जरा सावकाश येतं. मग पिवळी चौकट आली. सगुणाने ती मोठ्याने वाचली, एकेक शब्द सुटा करून : ‘‘‘आपला अर्ज स्वीकारण्यात आला आहे. आयोजक समिती आपली आभारी आहे.’’’ तिचा चेहरा उजळायच्या ऐवजी आंबट झाला. ‘‘अर्ज? मी काय रेशन कार्ड मागते?’’ ‘‘अगं, तसं लिहायची पद्धत असते.’’ ‘‘कुनाची?’’ त्या पिवळ्या चौकटीसाठी क्षमाने एक अख्खी दुपार घालवली होती, रंग निवडला होता, कडा गोल केल्या होत्या, आणि शब्द मात्र कुठल्यातरी सरकारी कागदावरून आपोआप उतरले होते. तिने लॅपटॉप पुढे ओढला. ‘‘काय लिहू मग?’’ ‘‘लिही, ये गो.’’ ‘‘वर्गात पुरुषपण आहेत.’’ सगुणाने विचार केला. ‘‘मग लिही, या. वाट बघतो.’’ क्षमाने तेवढंच लिहिलं, सर्व्हरवर चढवलं, आणि या वेळी पहिल्या ओळीवर काही कोरं राहिलं नाही ना ते दोनदा बघितलं. निघताना सगुणाने कागदात बांधून सुकट दिली. नाही म्हणायची सोय नव्हती. परतीच्या रिक्षात ती पुडी मांडीवर होती आणि रिक्षावाला आरशातून बघत नाक मुरडत होता. क्षमाने त्याला गोड आवाजात सांगितलं की वासासाठी काच खाली करावी तर रिक्षाला काचच नसते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने तक्ता उघडला तेव्हा रात्रीतून सात नवी नावं आली होती, प्रत्येक एकदाच. बाळ्याने कोणा मित्राला सांगितलं असेल असं तिला वाटलं, पण पत्ते सगळे वेसाव्याचे होते. ‘शाळेत कधी होतात?’ या प्रश्नाखाली कमल चांदी हिने लिहिलं होतं, ‘चौथीपर्यंत. मग भाऊ झाला.’ तिच्याखालच्या बाईने लिहिलं होतं, ‘दोन वर्ष, पण रोज.’ पुढची म्हणत होती, ‘पाचवी, गणपतीपर्यंत.’ आणि सगळ्यात शेवटी कोणी नीरा भानजी होती. ‘शाळेत नव्हते. सगुणाला डबा द्यायला गेटपर्यंत यायचे.’ क्षमाने ते दोनदा वाचलं. मग हसत हसत नीलाला फोन लावला, आणि नीलाने ‘हॅलो’ म्हणायच्या आत सांगून टाकलं की खुर्च्या वाढव.